राग बरोबर, पत्ता चुकीचा

पत्र

ताई, मी नाशिकचा, वय २४, एका कंपनीत टेक सपोर्टला आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा माझा जीव की प्राण गेम. दादाच्या जुन्या पीसीवर तो किती वेळा संपवला त्याची गणती नाही. त्याचा रीमेक येणार म्हणून बारावीपासून वाट बघत होतो आणि या जानेवारीत युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीनं तो रद्दच केला. त्या रात्री मी पोस्ट टाकली : 'सहा वर्षं झोपा काढल्या. पुण्याच्या लोकांच्या हातात दिला तेव्हाच गेम मेला होता.' लाइक धबाधबा पडले. माझी मावसबहीण पुण्यात गेम आर्टिस्ट आहे. ती दुसऱ्याच स्टुडिओत आहे, या गेमशी तिचा काही संबंध नाही. तिनं पोस्टला नुसता अंगठा दिला आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. मावशी म्हणते, तिच्या ऑफिसातल्या काही जणांना नुकतंच काढलं. मला वाईट वाटतंय, पण मी चुकलो हे पटत नाही. पैसे आम्ही मोजायचे आणि बोलायचंही नाही? आणि आमच्या बोलण्यानं कंपन्यांना काही फरक पडतो का? तिला काय म्हणू? जाता जाता, जीटीए ६ हा येणारा गेम प्री-ऑर्डर करू का, म्हणजे यायच्या आधीच पैसे भरून ठेवू का? मित्र मागे लागलेत.

— तुमचा एक वाचक

उत्तर

मित्रा, आधी तुझी पोस्टच तपासू. भावनांचं नंतर बघू.

तू म्हणतोस, पुण्याच्या हातात दिला तेव्हाच गेम मेला. आता तारखा बघ. १० सप्टेंबर २०२० ला रीमेक जाहीर झाला, युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई हे दोन स्टुडिओ तो करणार होते. गेम यायचा होता २१ जानेवारी २०२१ ला. तो आधी १८ मार्चवर गेला, मग बेमुदत पुढे गेला. मे २०२२ मध्ये कंपनीनं तो भारतातून काढून मॉन्ट्रियलला दिला. मॉन्ट्रियल म्हणजे २००३ चा मूळ गेम जिथे झाला तोच स्टुडिओ. जून २०२४ मध्ये २०२६ साल जाहीर झालं आणि २१ जानेवारी २०२६ ला, म्हणजे मूळ तारखेला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, रद्द केल्याची घोषणा आली. हा योगायोग कुणाच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे, पण क्रूर आहे.

थोडक्यात, गेम गेला तेव्हा पुण्यानं तो सोडून साडेतीन वर्षांवर काळ लोटला होता. तो एकटाही गेला नाही. त्याच दिवशी कंपनीनं आणखी पाच गेम रद्द केले, सात पुढे ढकलले, सगळ्या कारभाराची फेररचना जाहीर केली. हॅलिफॅक्सचा स्टुडिओ त्याआधी दोनच आठवडे बंद झाला होता, आणि स्टॉकहोमचाही बंद होणार हे त्याच वेळी कळलं. हा पॅरिसजवळच्या मुख्यालयातला, ताळेबंद समोर ठेवून घेतलेला निर्णय. बाणेर-हिंजवडीकडे रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्या कुणाला त्यात कुणी काही विचारलं असेल असं मला तरी वाटत नाही.

आता तुझ्या बाजूचंही बोलते, नाहीतर म्हणशील ताई त्यांच्याच पार्टीतली. २०२० मध्ये रीमेक जाहीर करताना दाखवलेला तो ट्रेलर वाईट होता. चेहरे मेणाचे, प्रकाश सपाट, दोन पिढ्या मागच्या कन्सोलवरचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमिंग यंत्रावरचा, वाटावा असा. तेव्हा तू हसला असशील, मीम केलं असशील, तर त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. विकायला मांडलेल्या वस्तूला नावं ठेवायचा हक्क गिऱ्हाइकाला असतोच. उलट लोकांनी नावं ठेवल्यावर कंपनीनं गेम पुढे ढकलला, आणखी वेळ हवा म्हणाली. म्हणजे ट्रेलर बघून 'हे जमलेलं नाही' म्हणणारे अगदीच वेडे नव्हते. पण 'हा ट्रेलर वाईट आहे' आणि 'पुण्याच्या लोकांना जमत नाही' यात फरक आहे, आणि तो तुला कळतो. कळत नसता तर मला पत्र लिहिलं नसतंस.

मोठ्या परदेशी कंपन्यांसाठी आपल्याकडे गेमचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. युबिसॉफ्टचा पुण्याचा स्टुडिओ २००८ पासूनचा, मुंबईचा २०१८ पासूनचा. बेंगळुरूमध्ये जीटीए काढणाऱ्या रॉकस्टारचा आहे. यातलं बहुतेक काम दुसऱ्यांच्या गेममधलं, पडद्यामागचं. एवढ्या नावाजलेल्या मालिकेतला गेम आपल्याकडच्या स्टुडिओंनी स्वतः पुढाकार घेऊन करायचा, अशी संधी क्वचितच आली होती. म्हणून तुझी पोस्ट तुझ्या बहिणीला लागली. तिचा त्या गेमशी संबंध नाही हे खरं, पण 'पुण्याच्या लोकांच्या' या दोन शब्दांत ती बसते. पुढचा मोठा गेम इकडे द्यायचा की नाही यावर कुठे चर्चा झालीच, तर तिच्यासारख्यांना तेच दोन शब्द पुन्हा ऐकावे लागणार.

तिचा दिवस कसा जातो हे तू कधी विचारलंयस का? माझ्या ओळखीत या धंद्यातली माणसं आहेत, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते. समज, एका आर्टिस्टकडे राजवाड्यातली एक दगडी कमान आली. आधी ती नुसत्या ठोकळ्यांची उभी करायची. खेळाडू तिच्यावरून उडी मारणार असेल तर उंची लेव्हल डिझायनर, म्हणजे गेमचा तो टप्पा आखणारा, ठरवणार, आणि तो ती चारदा बदलणार. उंची पक्की झाली की दगडांचे सांधे, कोपऱ्यांची झीज, नक्षीतला तुटका तुकडा, सगळं लाखो पॉलिगॉनमध्ये, म्हणजे बारीक त्रिकोणी-चौकोनी तुकड्यांत, कोरायचं. मग तीच कमान काही हजारांत बसवायची, कारण तेवढा भार कन्सोलला झेपत नाही. कोरीव काम आहे असा भास टेक्स्चरनं, म्हणजे वर चढवलेल्या चित्रानं, करायचा. लांबून दिसेल तेव्हासाठी आणखी हलक्या आवृत्त्या वेगळ्या. मग लीडचे शेरे, मग आर्ट डायरेक्टरचे शेरे, आणि दोघांचे एकमेकांशी जुळतील याची खात्री नाही. प्रकाश टाकणारा माणूस आणखी वेगळा. त्यानं ऊन भगभगीत ठेवलं तर आठवडाभर खपून काढलेली झीज कुणाला दिसतच नाही. कॅमेरा कुठून फिरणार ते तिसराच ठरवतो. आणि एखाद्या मंगळवारी मीटिंग होते, ती अख्खी लेव्हल कापली जाते, तिच्याबरोबर कमानही जाते.

ट्रेलर कधी दाखवायचा, गेमची किंमत काय ठेवायची, गेम ज्यावर उभा राहतो ते इंजिन म्हणजे सॉफ्टवेअर कुठलं वापरायचं, किती माणसं द्यायची, कधी बंद करायचं : कमान करणाऱ्याला यातलं काहीही विचारत नाहीत. वर रुजू होतानाच गुप्ततेच्या करारावर सही झालेली असते. बाहेर हजार लोक 'आळशी, बिनडोक' म्हणत असतात, आणि खरं काय झालं ते ठाऊक असलेल्या माणसाला तोंड उघडायची सोय नसते. एसटी दोन तास उशिरा आली की आपण कंडक्टरची गचांडी धरतो, कारण डेपो मॅनेजर समोर नसतो; कंडक्टर निदान उलट बोलू तरी शकतो. तुझ्या बहिणीनं अंगठा का दिला, हे आता तुला कळलं असेल.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. आमच्या ओरडण्यानं काही होतं का? होतं. पण कसल्याही ओरडण्यानं होत नाही.

'हेलडायव्हर्स २' हा गेम आठवतो? स्टॉकहोमच्या ॲरोहेडनं केलेला, सोनीनं प्रकाशित केलेला. ३ मे २०२४ ला सोनीनं सांगितलं की पीसीवर खेळणाऱ्यांनाही आता प्लेस्टेशन नेटवर्क या सोनीच्या ऑनलाइन सेवेचं खातं जोडावं लागेल. गेम विकून तीन महिने झाल्यावर! त्यातून ही सेवा जगातल्या कितीतरी देशांत नाहीच. भारतात आहे, म्हणून आपल्याकडे त्याची झळ कमी बसली, पण दीडशेहून अधिक देशांत स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, गेमची विक्रीच थांबली. खेळाडूंनी दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू टाकले, रिफंड मागितले, आणि ६ मेला सोनीनं निर्णय मागे घेतला. तीन दिवसांत. स्टुडिओचे प्रमुख योहान पिलेस्टेट यांनी यात आपलाही दोष असल्याचं उघड मान्य केलं. पुढे त्या रिव्ह्यूंचा खाली गेलेला आलेख नक्षी म्हणून काढलेली एक केप, म्हणजे पात्राच्या पाठीवरचा झगा, सुद्धा गेममध्ये आली, इतकं त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

हे का जमलं? मागणी एका ओळीची होती, ती मान्य करणं सोनीच्या हातात होतं, आणि रिव्ह्यू व रिफंड हे थेट विक्रीचे आकडे बघणाऱ्याच्या टेबलावर पडत होते. पण याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. खेळाडूंना 'रिव्ह्यू लिहा, रिफंड मागा' असं सांगणाऱ्या स्टुडिओच्याच एका कम्युनिटी मॅनेजरची नोकरी त्या धामधुमीत गेली. जिंकलात तुम्ही, आणि त्याची किंमतही चुकवली ती मधल्याच माणसानं.

त्याहून जुना किस्सा २०१२ चा. 'मास इफेक्ट ३' या गेमचा शेवट लोकांना अजिबात आवडला नाही. तीन खेळांत मिळून शेकडो निर्णय घ्यायचे आणि शेवटी काय, तर लाल, निळा, हिरवा असे तीन रंग आणि जवळजवळ तोच शेवट! काही चाहत्यांनी काय करावं? कॅनडातल्या एडमंटनला, तो गेम करणाऱ्या बायोवेअरच्या ऑफिसात चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. वर क्रीम लाल, निळं, हिरवं. आत सगळ्यांची चव एकच, व्हॅनिला. आणि शेवट बदला म्हणणाऱ्या मोहिमेच्या नावानं मुलांच्या रुग्णालयांना खेळणी-गेम पुरवणाऱ्या संस्थेसाठी ८० हजार डॉलरच्या आसपास रक्कम जमवली. कंपनीनं जूनमध्ये शेवटाची वाढीव आवृत्ती फुकट दिली. कपकेकमुळेच दिली असं मी म्हणणार नाही, तेव्हा शिव्या देणारेही कमी नव्हते. पण तक्रार नेमकी काय आहे, हे त्या व्हॅनिलाइतकं स्वच्छ कुणीच सांगितलं नसेल.

आता उलटी बाजू. टँगो गेमवर्क्स या टोकियोच्या स्टुडिओनं २०२३ मध्ये 'हाय-फाय रश' काढला. लोकांनी डोक्यावर घेतला, समीक्षकांनी घेतला, खुद्द मालक मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागातल्या माणसांनी तो यशस्वी झाल्याचं सांगितलं. ७ मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टनं तो स्टुडिओ बंद केल्याचं जाहीर केलं, सोबत आर्केन ऑस्टिन हा आणखी एक स्टुडिओही. चाहते खवळले, आणि खवळणं योग्यच होतं, पण मायक्रोसॉफ्ट ढिम्म हललं नाही. ऑगस्टमध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीनं टँगो आणि हाय-फाय रशचे हक्क घेतले म्हणून ती टीम पुन्हा उभी राहू शकली. हो, तीच क्राफ्टन, जिचा बीजीएमआय तुझ्या मित्रांच्या फोनमध्ये असेल. हे घडलं ते धंद्याच्या हिशोबातून. स्टुडिओ बंद होतो तेव्हा बहुधा चाहत्यांच्या हाती काही उरलेलं नसतं, हे कडू आहे पण माहीत असलेलं बरं. तुझ्या प्रिन्सचंही तसंच आहे. कुणाला किती शिव्या घातल्यास तरी तो परत येणार नाही, निदान त्या शिव्यांमुळे नाही.

धमक्यांबद्दल जास्त लिहीत नाही, तू त्यातला वाटत नाहीस. पण ही गोष्ट कुठवर जाते ते कळावं म्हणून एवढंच : २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' काही आठवडे पुढे गेला, तर त्याचे कर्ते शॉन मरी यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' तीन आठवडे पुढे गेल्यावर तेच. २०२३ मध्ये तर अमेरिकेत, बंजी या गेम कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला छळणाऱ्या माणसाला न्यायालयानं पावणेपाच लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. या प्रत्येकाची सुरुवात 'मी तर नुसता फॅन आहे' इथूनच झाली असणार.

तुला खरंच युबिसॉफ्टवर राग काढायचा असेल, तर त्याच कंपनीवरून सुरू झालेली एक चांगली वाट आहे. मार्च २०२४ च्या शेवटी त्यांनी 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले. लोकांनी पैसे देऊन घेतलेला गेम एका दिवसात खेळता येईनासा झाला. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरनं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. मागणी एवढीच की, विकलेला गेम बंद करताना तो कुठल्यातरी स्वरूपात खेळता येईल अशी सोय करून जा. युरोपीय नागरिकांच्या याचिकेवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. कुठल्या आर्टिस्टच्या अकाउंटवर जाऊन कुणी शिव्या दिल्या म्हणून त्या झाल्या नाहीत. कंटाळवाणं काम आहे : फॉर्म भरा, खासदाराला लिहा, सह्यांची पडताळणी होईपर्यंत थांबा. त्याला लाइक धबाधबा पडत नाहीत.

बहिणीचं काय करायचं? पोस्ट काढून टाक, पण गुपचूप नको. जिथे लिहिलंस तिथेच दोन ओळी लिही की गेम मे २०२२ नंतर पुण्याकडे नव्हता आणि मी लिहिलेलं चूक होतं. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' वगैरे राजकारणी छापाचं अजिबात लिहू नकोस. ज्या मंडळींनी लाइक दिले त्यातले काही तुला भित्रा म्हणतील, म्हणू देत.

मग तिला मेसेज कर, फोन नको. तिच्या ऑफिसात माणसं काढली जातायत; अशा वेळी दर फोनला पोटात गोळा येतो. मेसेजमध्ये स्पष्टीकरण देत बसू नकोस की 'मला तुझ्याबद्दल म्हणायचं नव्हतं'. तिला माहीत आहे तुला तिच्याबद्दल म्हणायचं नव्हतं, दुखणं तेच आहे. मी लिहिलं ते चूक होतं, खोडलंय, एवढं पुरे. तिच्या नोकरीचं विचारू नकोस. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. आणि मावशीला मध्ये घालू नकोस, प्लीज. मावश्या मध्ये पडल्या की महिनाभराचा अबोला दिवाळीपर्यंत जातो. ती लगेच उत्तर देईल असं धरून चालू नकोस. पुढे कधी बोलायला लागलीत तर तिनं केलेलं एखादं काम दाखवायला सांग, तिला दाखवता येण्यासारखं असेल ते. आणि ते आवडलं नाही तर आवडलं नाही असंच सांग, का ते सांग. या लोकांना टीकेची सवय असते, रोजच शेरे खातात. त्यांना नेमकी टीका चालते.

राहिला प्रिन्स. आवडत्या गोष्टीची पाच वर्षांहून जास्त वाट बघायची आणि ती येणारच नाही असं कळायचं, याचं वाईट वाटणं खोटं नाही. त्याला 'गेमच तर आहे' म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष कर. मूळ २००३ चा गेम आजही पीसीवर विकत मिळतो, चालवताना थोडी खटपट करावी लागते इतकंच. दादाला बोलव, एक रविवार काढा.

आणि जीटीए ६. नको करूस प्री-ऑर्डर. डिजिटल कॉपी कधी संपत नाही, रांग लावायची गरज नाही, आणि आधी दिलेले पैसे म्हणजे तुझ्या हातातलं एकमेव वजन तू आधीच टाकून देणं. तारीख आधी २०२५ होती, मग २६ मे २०२६ झाली, मग ६ नोव्हेंबर २०२५ ला ती १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली. त्या शेवटच्या घोषणेच्या आठवडाभर आधी रॉकस्टारनं ब्रिटन आणि कॅनडातल्या तीसहून जास्त लोकांना काढलं होतं. कंपनी म्हणते त्यांनी गुप्त माहिती बाहेर दिली. त्यांची संघटना म्हणते युनियन करत होते म्हणून काढलं. तुझ्या टाइमलाइनवर त्या आठवड्यात यातली कुठली बातमी जास्त फिरली ते आठवून बघ. गेम आला की दोन-चार दिवस थांब, लोकांच्या मशीनवर कसा चालतोय ते बघ, मग घे. पुढे कधी पीसीवर आला आणि स्टीमवर घेतलास तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर रिफंड मिळतो. प्लेस्टेशनवर मात्र डाउनलोड सुरू केलंस की तो रस्ता बहुतेक बंद, तेव्हा तिथे बटण दाबायच्या आधी विचार कर. मित्रांना सांग, ताईनं नाही म्हटलंय.